शरीरात बसवायच्या पेसमेकरचे संवेदन-सर्किट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेसमेकरविषयी मराठीत जे लिहिले जाते ते बहुधा रुग्णांसाठी असते. हे पान इलेक्ट्रॉनिक्स आणि जैववैद्यकीय अभियांत्रिकी शिकणाऱ्यांसाठी आहे. ॲम्प्लिफायर, फिल्टर आणि कंपॅरेटर हे शब्द वाचकाला ओळखीचे आहेत असे येथे गृहीत धरले आहे. ज्यांच्या शरीरात पेसमेकर आहे त्यांनी यातील आकड्यांवरून स्वतःच्या उपकरणाविषयी काही ठरवू नये. तो निर्णय त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांचा आहे.

पेसमेकरने ठोका द्यायचा असतो. मग त्यात सिग्नलवर प्रक्रिया करण्याची गरजच काय?

सुरुवातीच्या पेसमेकरमध्ये ती खरोखरच नव्हती. पूर्णपणे शरीरात बसवलेला पहिला पेसमेकर ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्वीडनमधील कारोलिन्स्का रुग्णालयात आर्ने लार्सन यांना बसवण्यात आला. सर्किट रूने एल्मक्विस्ट यांचे होते आणि शस्त्रक्रिया ओके सेनिंग यांनी केली. त्या सर्किटमध्ये दोनच ट्रान्झिस्टर होते आणि ठरलेल्या वेगाने स्पंद सोडत राहणे एवढेच त्याचे काम होते. ते उपकरण काही तासांतच बंद पडले. लार्सन मात्र पुढे वीसहून अधिक पेसमेकर वापरून २००१ पर्यंत जगले.

ठरलेल्या वेगाने स्पंद सोडणाऱ्या उपकरणाची अडचण अशी, की अनेक रुग्णांच्या हृदयाचे स्वतःचे ठोके पूर्णपणे थांबलेले नसतात. ते काही काळ नीट चालतात आणि मध्येच अडखळतात. हृदय स्वतः चालत असताना पेसमेकरनेही स्पंद सोडले तर दोन ताल एकमेकांत मिसळतात, आणि हृदयाचा स्नायू पूर्वस्थितीत येत असतानाच्या नाजूक क्षणी, म्हणजे टी-लहरीवर, स्पंद पडला तर क्वचित प्रसंगी जीवघेणी अनियमितता सुरू होऊ शकते. म्हणून १९६०च्या दशकाच्या मध्यात बारूख बर्कोविट्स यांनी गरजेपुरताच ठोका देणारा पेसमेकर पुढे आणला. तो आधी ऐकतो. ठरलेल्या मुदतीत हृदयाचा ठोका आला तर गप्प बसतो, आला नाही तरच स्पंद देतो. आधीचा पेसमेकर लोलकाच्या घड्याळासारखा होता, हा गायकाकडे कान ठेवून साथ करणाऱ्या तबलजीसारखा आहे. तेव्हापासून पेसमेकरच्या रचनेतील अवघड भाग स्पंद देण्यातून ऐकण्याकडे सरकला, असे माझे मत आहे. स्पंद देणे म्हणजे एक कपॅसिटर भरून तो स्विचमधून रिकामा करणे. ऐकणे मात्र वर्षानुवर्षे, अत्यल्प विजेवर आणि गोंगाटात करावे लागते.

हृदयाच्या आतून मिळणारा सिग्नल केवढा असतो?

छातीवर चिकटवलेल्या पट्ट्यांमधून मिळणारा ईसीजी साधारण एक मिलिव्होल्टचा असतो. लीडचे, म्हणजे पेसमेकरपासून हृदयापर्यंत नेलेल्या तारेचे, टोक मात्र हृदयाच्या आतील भिंतीला टेकलेले असल्यामुळे तेथे मिळणारा सिग्नल पुष्कळ मोठा असतो. उजव्या निलयात, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यात, तो बहुधा ५ ते २० मिलिव्होल्ट भरतो. उजव्या अलिंदाची, म्हणजे वरच्या कप्प्याची, भिंत पातळ असल्यामुळे तेथे २ ते ५ मिलिव्होल्टवर समाधान मानावे लागते, आणि अलिंदाचे फिब्रिलेशन, म्हणजे अनियमित थरथरणे, सुरू झाले की तो आणखी लहान व लहरी होतो.

उंचीइतकाच चढ-उताराचा वेगही महत्त्वाचा असतो. विद्युतलहर इलेक्ट्रोडच्या खालून जाते त्या क्षणी सिग्नल झपकन उतरतो. निलयात हा वेग सेकंदाला अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त असावा, अशी लीड बसवताना अपेक्षा असते. दिसायला उंच पण चढायला संथ असलेला सिग्नल फिल्टरमधून बाहेर येताना खुजा होतो, आणि ओळखताना तर फिल्टरनंतरचीच उंची मोजली जाते. लीड बसवताना पडद्यावर सिग्नल भरघोस दिसत असूनही उपकरणाने तो गाळावा, याचे एक कारण हेच असते.

मग एक ॲम्प्लिफायर आणि एक कंपॅरेटर पुरणार नाही का?

इलेक्ट्रोडवर फक्त हवा तोच सिग्नल आला असता तर पुरले असते. प्रत्यक्षात त्याच दोन तारांवर निलयाच्या ठोक्यामागून येणारी टी-लहर असते, छातीच्या स्नायूंची कुरकुर असते, अलिंदातील तारेवर निलयाचा दुरून येणारा प्रतिध्वनी असतो, श्वासाबरोबर हळूहळू सरकणारी आधाररेषा असते आणि बाहेरच्या विजेचा शिरकावही असतो.

सुदैवाने यातील बरेच जण वेगवेगळ्या वारंवारतांवर राहतात. ठोक्याची बहुतेक ऊर्जा १० ते ३० हर्ट्झच्या आसपास आणि थोडी त्यावर असते. टी-लहर संथ असल्यामुळे १० हर्ट्झच्या खाली राहते, आणि आधाररेषेचे सरकणे तर त्याच्याही खूप खाली. स्नायूंचा सिग्नल काही दशक हर्ट्झपासून शेकडो हर्ट्झपर्यंत पसरलेला असतो. त्यामुळे साधारण १० ते १०० हर्ट्झ एवढाच पट्टा पुढे जाऊ देणारा फिल्टर ठेवतात. हा पट्टा सगळे प्रश्न सोडवत नाही, कारण स्नायूंच्या सिग्नलचा मोठा भाग ठोक्याच्याच वारंवारतांवर सांडलेला असतो. जे वारंवारतेने वेगळे करता येत नाही ते वेळेने वेगळे करावे लागते. ब्लँकिंग (काही काळ कान पूर्ण बंद) आणि रिफ्रॅक्टरी काळ (ऐकायचे, पण घड्याळ त्यावरून नव्याने लावायचे नाही) या कल्पना तेथूनच आल्या. त्यांच्याकडे पुढे येऊ.

संवेदनाचा उंबरठा किती ठेवतात? आणि आकडा कमी केला की संवेदनशीलता वाढते, हे कसे?

उंबरठा म्हणजे ठोका म्हणून गणले जाण्यासाठी सिग्नलला ओलांडावी लागणारी उंची. ती २ मिलिव्होल्ट असेल तर त्याहून बुटका सिग्नल बाहेरच राहतो, ती ०.५ केली तर बुटक्यांनाही प्रवेश मिळतो. म्हणून आकडा खाली आला की उपकरण जास्त ऐकू लागते. निलयासाठी २ ते २.५ आणि अलिंदासाठी ०.५ मिलिव्होल्टच्या आसपासचे मूल्य हे नेहमीचे आरंभबिंदू आहेत. प्रत्यक्ष मोजलेल्या सिग्नलच्या निम्म्याहून कमी उंबरठा ठेवला की कुस बदलली, लीडच्या टोकाभोवती व्रण धरला किंवा औषध बदलले तरी ठोका निसटत नाही.

ठोका निसटणे वाईट की नसलेला ठोका ऐकू येणे वाईट?

या प्रश्नाचे उत्तर सर्किटच्या प्रत्येक निर्णयामागे असते, म्हणून ते नीट समजून घ्यावे.

ठोका निसटला, म्हणजे न्यूनसंवेदन झाले, तर पेसमेकर गरज नसताना स्पंद देतो. ते अनिष्ट आहे, पण बहुतेक वेळा त्याने गंभीर काही होत नाही. उलट नसलेला ठोका ऐकू आला, म्हणजे अतिसंवेदन झाले, तर पेसमेकरला वाटते की हृदय स्वतः चालले आहे आणि तो गप्प बसतो. ज्या रुग्णाचे हृदय सर्वस्वी पेसमेकरवर अवलंबून आहे त्याला अशा काही सेकंदांच्या शांततेत भोवळ येऊ शकते, आणि ती लांबली तर मृत्यूही येऊ शकतो. म्हणून पेसमेकरचा मूळ स्वभाव असा घडवलेला असतो, की शंका आली तर स्पंद द्यावा. पेसमेकरवर चुंबक धरला की बहुतेक उपकरणे ऐकणे थांबवून ठरलेल्या वेगाने स्पंद देऊ लागतात. गोंगाट ओळखणारी यंत्रणाही तसेच करते: रिफ्रॅक्टरी काळाच्या उत्तरार्धात सिग्नल उंबरठा ओलांडत राहिला तर प्रत्येक वेळी ती खिडकी नव्याने सुरू होते, आणि असे करता करता ठरलेली मुदत संपली की ऐकलेल्या कशावरही विश्वास न ठेवता स्पंद दिला जातो. खरे हृदय इतक्या वेगाने धडधडू शकत नाही, एवढे साधे तर्कशास्त्र त्यामागे आहे.

आयसीडी, म्हणजे जीवघेणी अनियमितता थांबवण्यासाठी हृदयाला विजेचा धक्का देणारे शरीरात बसवलेले उपकरण, यात पारडे बदलते. फिब्रिलेशनचा बारीक सिग्नल निसटणे तेथे घातक असते आणि नसलेला ऐकला तर शुद्धीवर असलेल्या माणसाला विजेचा धक्का बसतो. म्हणून त्याचा उंबरठा स्थिर नसतो. प्रत्येक ठोक्यानंतर वर उचलला जातो आणि मग हळूहळू खाली उतरतो. एका उपकरणाची रचना जशीच्या तशी दुसऱ्यात वापरता येत नाही, ती यामुळेच.

सगळेजण वीज वाचवण्याविषयी एवढे का बोलतात? हिशेब करून दाखवता येईल का?

येईल, आणि तो पाटीवर करण्याइतका सोपा आहे. लिथियम-आयोडिन घटाची क्षमता एक अँपिअर-तास धरू. दहा वर्षांचे ८७,६०० तास होतात. भागाकार केला की सरासरी ११.४ मायक्रोअँपिअर मिळतात. संपूर्ण उपकरणाला दिवसरात्र एवढ्यावरच भागवायचे आहे.

आता स्पंदाचा खर्च काढू. २.५ व्होल्टचा, ०.४ मिलिसेकंदाचा स्पंद ५०० ओहमच्या ऊतीत सोडला तर ५ मिलिअँपिअर प्रवाह जातो, म्हणजे दर स्पंदाला २ मायक्रोकूलोम विद्युतभार आणि सुमारे ५ मायक्रोज्यूल ऊर्जा लागते. मिनिटाला ६० स्पंद धरले तर एका कप्प्यासाठी सरासरी २ मायक्रोअँपिअर आणि दोन कप्प्यांसाठी ४ मायक्रोअँपिअर खर्च होतात. हाच स्पंद ५ व्होल्टचा करावा लागला तर भार दुप्पट होतो आणि २.८ व्होल्टच्या घटातून तो व्होल्टेज दुप्पट करून काढावा लागत असल्याने घटावरचा बोजा चौपट होतो: एका कप्प्याला ८ मायक्रोअँपिअर.

बेतात बसलेला स्पंद धरला तरी उरतात सातएक मायक्रोअँपिअर. त्यातून घड्याळ, तर्कमंडल, स्मृती, हालचाल ओळखणारा संवेदक, डॉक्टरांच्या यंत्राशी होणारा संवाद आणि घटाची स्वतःची गळती भागवायची. संवेदनाच्या एका वाहिनीच्या वाट्याला एक मायक्रोअँपिअर आला तरी खूप झाले. प्रयोगशाळेत सर्रास वापरला जाणारा साधा ऑप-ॲम्प एकटाच याच्या हजारपट खातो.

हिशेबाला आणखी एक काटा आहे. लिथियम-आयोडिन घट जसजसा वापरला जातो तसतसा त्याचा अंतर्गत रोध वाढत जाऊन हजारो ओहमवर पोहोचतो. त्यामुळे आयुष्याच्या शेवटी क्षणभर जरी जास्त प्रवाह ओढला तरी व्होल्टेज खाली बसते. संवेदन-सर्किटला हे हेलकावे दिसू नयेत म्हणून त्याचा पुरवठा आणि संदर्भ-व्होल्टेज वेगळे राखावे लागतात.

इतक्या कमी प्रवाहावर ट्रान्झिस्टर चालतो तरी कसा?

पाठ्यपुस्तकात मॉस ट्रान्झिस्टर थ्रेशोल्ड व्होल्टेजच्या खाली बंद असतो असे शिकवतात. तो पूर्ण बंद नसतो. त्या क्षेत्रातही नॅनोअँपिअरच्या मापाचा प्रवाह वाहतो आणि तो गेटच्या व्होल्टेजनुसार घातांकी पद्धतीने बदलतो. दर अँपिअरमागे मिळणारे ट्रान्सकंडक्टन्स (गेटच्या व्होल्टेजमधील बदलाला प्रवाहाचा प्रतिसाद) तेथेच सर्वांत जास्त असते, म्हणजे खर्चाच्या मानाने काम सर्वांत चोख होते. वेग मात्र मिळत नाही. हृदयाच्या बाबतीत हा तोटा नाहीच, कारण येथे १०० हर्ट्झच्या वर कोणाला काही नको असते.

ही विद्या हृदयासाठी नव्हे, मनगटी घड्याळांसाठी रुजली. स्वित्झर्लंडमध्ये क्वार्ट्झ घड्याळांवर काम करताना एरिक व्हिटोझ आणि जाँ फेलराथ यांनी १९७७ मध्ये या क्षेत्रातील ॲनालॉग सर्किटांची मांडणी प्रसिद्ध केली. पेसमेकरने घड्याळाकडून आणखी एक गोष्ट उचलली: ३२,७६८ हर्ट्झचा क्वार्ट्झ स्फटिक. दोनाचा पंधरावा घात असलेली ही संख्या पंधरा वेळा अर्धी केली की नेमका एक सेकंद मिळतो.

किंमतही मोजावी लागते. घातांकी संबंधामुळे थ्रेशोल्ड व्होल्टेजमधील किरकोळ तफावत प्रवाहात मोठी होऊन दिसते, म्हणून जोडीचे ट्रान्झिस्टर मोठे आणि शेजारी शेजारी काढावे लागतात. तापमानाचा परिणामही तीव्र असतो. पण शरीर स्वतःच ३७ अंशांचा उत्तम थर्मोस्टॅट आहे, आणि अभियंत्याला असे फुकटचे दान फारसे मिळत नाही. अर्थात उपकरण खोक्यात, विमानात आणि शस्त्रक्रियागृहाच्या गारव्यातही जागे असते, हे विसरून चालत नाही.

१० हर्ट्झचा फिल्टर चिपवर बनवण्यात एवढे काय अवघड आहे?

टेबलावर एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर जोडला की काम झाले. चिपवर १० पिकोफॅरडचा कपॅसिटर म्हणजे चांगलाच मोठा. त्याच्यासोबत १० हर्ट्झची सीमा हवी असेल तर रेझिस्टर १.६ गिगाओहमचा लागतो. तेवढा रेझिस्टर सिलिकॉनवर सरळ काढायचा तर जागा पुरणार नाही.

नेहमीची पळवाट म्हणजे स्विच्ड-कपॅसिटर. ०.६ पिकोफॅरडचा इवलासा कपॅसिटर सेकंदाला हजार वेळा इकडून भरून तिकडे रिकामा केला तर तो १.६ ते १.७ गिगाओहमच्या रेझिस्टरसारखा वागतो. याचा फायदा असा, की फिल्टरची सीमा कपॅसिटरांच्या गुणोत्तरावर आणि घड्याळावर ठरते. या दोन्ही गोष्टी चिपवर अचूक मिळतात. तोटा असा, की हे सॅम्पलिंग आहे. सेकंदाला हजार नमुने घेतले तर ५०० हर्ट्झच्या वरचे सगळे खाली दुमडून ठोक्याच्या पट्ट्यात येऊन बसते, आणि एकदा बसले की काढता येत नाही. म्हणून त्याच्या आधी एक साधा, अखंड चालणारा फिल्टर ठेवावाच लागतो. विद्यार्थ्यांच्या आराखड्यांमध्ये मला सर्वांत जास्त वेळा गाळलेला दिसतो तो नेमका हाच टप्पा, कारण स्वच्छ सिग्नल देऊन केलेल्या सिम्युलेशनमध्ये त्याची उणीव कधीच जाणवत नाही.

सर्किटचा स्वतःचा गोंगाट किती चालतो?

‘जितका कमी तितका चांगला’ हे उत्तर येथे चुकीचे आहे, कारण गोंगाट कमी करण्यासाठी प्रवाह मोजावा लागतो. खरा प्रश्न असा आहे, की किती गोंगाट परवडतो.

सर्किटचा गोंगाट गॉसच्या वितरणाप्रमाणे पसरतो आणि कंपॅरेटर सेकंदाला हजार वेळा उंबरठा तपासतो असे धरू, आणि ढोबळ हिशेबासाठी प्रत्येक तपासणी स्वतंत्र मानू. उंबरठा गोंगाटाच्या प्रमाण विचलनाच्या चौपट असेल तर दर सोळाएक सेकंदांनी एक खोटा ठोका मोजला जाईल. सहापट केला तर पाचसहा दिवसांनी एक. सातपट केला तर बारा वर्षांत एक, म्हणजे उपकरणाच्या जवळपास आयुष्यभरात एकदा. आता अलिंदासाठीचा सर्वांत खालचा उंबरठा ०.२ मिलिव्होल्ट घेतला तर त्याचा सातवा भाग २८ मायक्रोव्होल्ट होतो. एवढा गोंगाट परवडतो. त्याहून निम्मा करण्यात शहाणपण आहे, दशांश करण्यात उधळपट्टी आहे.

याच हिशेबातून कपॅसिटरचा आकारही ठरतो. शरीराच्या तापमानाला एक पिकोफॅरडवर घेतलेल्या प्रत्येक नमुन्यात सुमारे ६५ मायक्रोव्होल्टचा उष्मीय गोंगाट अडकतो, तर दहा पिकोफॅरडवर तो २१ वर येतो. सिग्नल मोठा करण्याआधीच एक पिकोफॅरडवर नमुना घेतला तर परवडणारी मर्यादा तेथेच दुपटीहून अधिक ओलांडली जाते. म्हणून आधी सिग्नल वाढवायचा आणि मग नमुना घ्यायचा, हा क्रम पाळतात. व्यवहारात मात्र रुग्णाला त्रास देणारे गोंगाट सर्किटच्या बाहेरूनच येतात. आतला गोंगाट ही सोडवता येणारी अडचण आहे.

स्वतःच दिलेल्या स्पंदाने पेसमेकरचे कान बधिर होत नाहीत का?

होतात, आणि हाच या साऱ्या रचनेतील सर्वांत रंजक भाग आहे. स्पंद २.५ व्होल्टचा असतो आणि त्याच इलेक्ट्रोडवरून काही वेळाने दोन-तीन मिलिव्होल्टचा सिग्नल ऐकायचा असतो. हजारपटीचा फरक झाला. स्पंदाच्या वेळी स्विचने ॲम्प्लिफायरचा इनपुट तोडता येतो, पण स्पंद संपला म्हणून त्याचा परिणाम संपत नाही. धातू आणि रक्त-ऊती यांच्या सीमेवर विद्युतभाराचा दुहेरी थर असतो. तो कपॅसिटरसारखा भरतो आणि हळूहळू रिता होतो. स्पंदानंतर उरलेले हे व्होल्टेज सुरुवातीला हव्या सिग्नलच्या कित्येक पट असते.

उपाय तीन बाजूंनी केला जातो. पहिला धातूच्या बाजूने: इलेक्ट्रोडवर टायटॅनियम नायट्राइड किंवा इरिडियम ऑक्साइडचा खडबडीत लेप दिला की सूक्ष्म पृष्ठफळ अनेक पटींनी वाढते, दुहेरी थराची धारकता वाढते आणि तेवढ्याच भाराने मागे उरणारे व्होल्टेज कमी होते. दुसरा स्पंदाच्या बाजूने: स्पंद नेहमी कपॅसिटरमार्फतच दिला जातो आणि लगेच तोच भार उलट दिशेने परत घेतला जातो. त्याने इलेक्ट्रोड लवकर शांत होतो, आणि ऊतीतून एकाच दिशेने प्रवाह वाहत राहून रासायनिक इजा होण्याचेही टळते. तिसरा वेळेच्या बाजूने: ब्लँकिंग, म्हणजे ठरावीक मिलिसेकंद कान पूर्ण बंद, आणि त्यानंतर रिफ्रॅक्टरी काळ, म्हणजे ऐकायचे पण घड्याळ त्यावरून नव्याने लावायचे नाही.

दोन कप्प्यांच्या पेसमेकरमध्ये गुंता वाढतो. अलिंदात दिलेला स्पंद निलयाच्या वाहिनीला ऐकू गेला आणि तिने तो निलयाचा ठोका समजला तर निलयाला स्पंदच मिळणार नाही. म्हणून अलिंदाच्या स्पंदानंतर निलयाची वाहिनी थोडा वेळ, साधारण १२ ते ५० मिलिसेकंद, बंद ठेवतात. एवढ्याने भागले नाही आणि त्यानंतरच्या संशयाच्या खिडकीत काही ऐकू आले, तर उपकरण ते खरे की खोटे याचा वाद घालत न बसता सुमारे ११० मिलिसेकंदांवर निलयाला स्पंद देऊन टाकते. ठोका खरा असेल तर स्पंद अजून उत्तेजित न होऊ शकणाऱ्या स्नायूवर पडतो आणि वाया जातो. खोटा असेल तर जीव वाचतो. इतकी साधी आणि इतकी विचारपूर्वक केलेली तडजोड मला इलेक्ट्रॉनिक्समध्ये क्वचितच आढळली आहे.

उलट टोकाची गरजही असते. स्पंद दिल्यावर हृदय खरोखर आकुंचन पावले का, हे तपासून स्पंदाचे व्होल्टेज आपोआप कमी करणाऱ्या उपकरणांना स्पंदानंतर १५ मिलिसेकंदांच्या आसपासच ऐकू लागावे लागते. तेथे ब्लँकिंगची चैन परवडत नाही आणि लेपाचा दर्जा हाच निर्णायक ठरतो.

एक-ध्रुवी आणि द्वि-ध्रुवी संवेदनात काय फरक आहे?

एक-ध्रुवी रचनेत लीडचे टोक हा एक ध्रुव आणि कॉलरबोनखाली ठेवलेल्या उपकरणाचे टायटॅनियमचे कवच हा दुसरा. ही जणू वीतभराहून लांब अँटेना असते आणि तिचे एक टोक छातीच्या स्नायूवरच विसावलेले असते. हाताने जोर लावला की स्नायूची कुरकुर थेट आत येते. द्वि-ध्रुवी रचनेत दोन्ही ध्रुव लीडच्या टोकाशी, सेंटिमीटरभर अंतरावर असतात. दूरून आलेला गोंगाट दोघांवर जवळजवळ सारखाच पडतो आणि वजाबाकीत नाहीसा होतो. म्हणून ऐकण्यासाठी आज द्वि-ध्रुवी रचनेलाच पसंती असते.

या वजाबाकीसाठी ॲम्प्लिफायरचा इनपुट-रोध मोठा असावा लागतो. इलेक्ट्रोडचा स्रोत-रोध साधारण ४०० ते १५०० ओहम असतो. त्याच्या तुलनेत इनपुट-रोध २५,००० ओहमपेक्षा जास्त ठेवला नाही तर सिग्नल दारातच अर्धवट सांडतो.

घरातील विजेचा पेसमेकरवर परिणाम होतो का?

भारतातील घरगुती वीज ५० हर्ट्झची असते आणि ५० हर्ट्झ नेमके ठोक्याच्या पट्ट्याच्या मध्यात बसते. चांगल्या स्थितीतील घरगुती उपकरणांनी, विशेषतः द्वि-ध्रुवी लीड असताना, सहसा काही होत नाही. धोका असतो तो गळक्या विजेचा. अर्थिंग नसलेले वॉशिंग मशीन, ओल्या भिंतीतून झिरपणारी वायरिंग, मोटारपंपाच्या धातूच्या नळाला हात लागताच येणाऱ्या मुंग्या, हे आपल्याकडे ‘चालायचेच’ म्हणून सोडून दिले जाते. शरीरातून वाहणारा असा प्रवाह निरोगी माणसाला जेमतेम जाणवत असला, तरी लीडच्या दोन ध्रुवांमध्ये त्यातून मिलिव्होल्टभर फरक पडला की पेसमेकर त्याला ठोके समजू शकतो. ज्या घरात पेसमेकर असलेली व्यक्ती आहे तेथे अर्थिंग आणि गळती ओळखून वीज तोडणारा ब्रेकर ही चैनीची बाब राहत नाही.

मोबाइलची गोष्ट निराळी. ९०० मेगाहर्ट्झचा वाहक हृदयाच्या पट्ट्यापासून कोसो दूर असतो. पण जीएसएम फोन सतत प्रक्षेपण न करता सेकंदाला २१७ वेळा तुकड्यातुकड्यांनी करतो आणि त्याच्या काही चालरीतींत ८ व २ हर्ट्झचेही घटक उमटतात. इनपुटवरील संरक्षक डायोड किंवा ट्रान्झिस्टर वाहकाचे एकदिशीकरण करतात आणि मग हे मंद ताल ठोक्यासारखे दिसू लागतात. एकदा आत आलेले हे ताल फिल्टरने काढता येत नाहीत, म्हणून त्यांना दारातच अडवावे लागते: तार कवचातून आत शिरते त्या जागीच कपॅसिटर बसवून रेडिओ-लहरी कवचाकडे वळवल्या जातात. या उपायानंतर प्रश्न बराच निवळला, तरी फोन उपकरणापासून १५ सेंटिमीटर दूर ठेवण्याचा सल्ला कायम आहे.

५० हर्ट्झ कापणारा नॉच फिल्टर बसवला तर?

निलयाच्या ठोक्याच्या तीव्र उतारात ५० हर्ट्झच्या आजूबाजूचे घटकही असतात. अरुंद नॉच त्या उताराला धक्का लागताच घंटेसारखा घुमत राहतो आणि एका ठोक्याचे दोन मोजले जाऊ शकतात. शिवाय उत्तर अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची असते आणि रुग्ण विमानाने प्रवास करतात. गोंगाट ओळखून ठरलेल्या वेगावर जाणे हा त्यापेक्षा प्रामाणिक मार्ग आहे.

आता सगळे डिजिटलच का करत नाहीत?

बरेचसे होते. सिग्नलचे आठेक बिटांत अंकांकन करून पुढचे फिल्टर आणि निर्णय तर्कमंडलात केले तर टी-लहर आणि खरा ठोका यांचे आकार ताडून पाहता येतात, आणि ठोक्यांच्या नोंदी साठवता येतात. तरीही दारातला ॲम्प्लिफायर, अँटी-अलायझिंग फिल्टर (नमुना घेण्याआधीचा तो अखंड चालणारा फिल्टर) आणि संरक्षण ॲनालॉगच राहतात. किती काटकसर शक्य आहे याचा अंदाज यावा म्हणून एक उदाहरण देतो: २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पेसमेकर चिपमध्ये ॲम्प्लिफायर, फिल्टर, अंकांकन, व्होल्टेज वाढवणारी सर्किटे आणि तर्कमंडल मिळून सुमारे दोन लाख ट्रान्झिस्टर होते, चिप ०.५ मायक्रॉनच्या जुन्या प्रक्रियेत बनवली होती आणि ती ८ मायक्रोवॉटवर चालत होती. जुनी प्रक्रिया ही येथे कंजुषी नसते. नव्या, बारीक ट्रान्झिस्टरांची बंद अवस्थेतील गळती जास्त असते, आणि जे उपकरण बहुतेक वेळ वाटच पाहत असते त्याला ती गळती कामापेक्षा महाग पडते.

लीड तुटल्यास सर्किटला ते कळते का?

पूर्ण तुटल्यास कळते, कारण रोध एकदम वाढतो. अर्धवट तुटलेली तार मात्र हालचालीबरोबर जोडली आणि सुटली जाते. त्यातून येणारे टोकदार आवाज फिल्टरला ठोक्यापेक्षाही जास्त आवडतात. अशा वेळी दोन ठोक्यांमधील अशक्यप्राय लहान अंतरे मोजून संशय नोंदवला जातो.

विद्यार्थ्यांनी असे सर्किट बनवून तपासायचे असेल तर सुरुवात कोठून करावी?

पहिली अट: सर्किट कोणत्याही माणसाला जोडायचे नाही, स्वतःलाही नाही. त्याची गरजही नसते. पेसमेकरच्या संवेदनाची चाचणी घेण्यासाठी युरोपीय मानकात एक ठरलेला त्रिकोणी सिग्नल आहे: २ मिलिसेकंदांत चढणारा आणि १३ मिलिसेकंदांत उतरणारा. फंक्शन जनरेटरमधून तो व्होल्टच्या मापात घ्यावा आणि दोन रेझिस्टरांनी हजारपट लहान करावा, म्हणजे जनरेटरचा स्वतःचा गोंगाटही तेवढाच लहान होतो. मग उंची हळूहळू वाढवत कंपॅरेटर कधी उठतो ते पाहावे. तीच चाचणी त्रिकोण उलटा करून पुन्हा घ्यावी, कारण हृदयातला सिग्नल कोणत्या दिशेने येईल याची शाश्वती नसते. एकाच दिशेने ऐकणारे सर्किट निम्म्या वेळा बहिरे ठरते.

त्यानंतर त्याच इनपुटमध्ये ५० हर्ट्झ मिसळून सर्किट केव्हा गोंधळते ते मोजावे. शेवटी पुरवठ्याचा प्रवाह मोजावा, आणि तो मल्टिमीटरच्या डोळ्यांवर विसंबून नव्हे. पुरवठ्याच्या तारेत १० किलोओहमचा रेझिस्टर घालावा, त्याच्या पुढे सर्किटच्या बाजूला मोठा कपॅसिटर लावावा, आणि रेझिस्टरवरचे व्होल्टेज वाचावे. १०० मिलिव्होल्ट आले तर सर्किट १० मायक्रोअँपिअर घेत आहे, म्हणजे एका वाहिनीसाठी अजून दहापट जास्त.